घटक ५ : एक संज्ञा, अनेक शास्त्रे – ‘प्रवणता’ या शब्दाचा अभ्यास

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस एकच पारिभाषिक संज्ञा निरनिराळ्या शास्त्रांत गेल्यावर तिचा अर्थ कसा पालटतो हे उदाहरणांसह सांगता येईल. तसेच ‘प्रवण’, ‘ग्रहणशील’, ‘संवेदनशील’ आणि ‘बळी पडणारा’ या मराठी पर्यायांतून प्रसंगानुसार योग्य शब्द निवडता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, पारिभाषिक संज्ञेचा अर्थ निश्चित असावा, एका संज्ञेला शक्यतो एकच पर्याय असावा, ही अपेक्षा परिभाषेच्या चर्चेत नेहमी मांडली जाते. एका शास्त्राच्या मर्यादेत ती रास्तच आहे. परंतु शब्द एका शास्त्राच्या आवारात बसून राहत नाहीत. इंग्रजीतील ‘ससेप्टिबिलिटी’ हा शब्द भौतिकशास्त्रात आहे, वैद्यकात आहे, कृषिविज्ञानात आणि भूशास्त्रातही आहे. मराठी लेखनात त्यासाठी कोठे ‘ग्रहणशीलता’, कोठे ‘संवेदनशीलता’, कोठे ‘प्रवणता’, तर कोठे ‘रोगास बळी पडणे’ असे पर्याय आढळतात. यावरून ‘मराठीत नेमका शब्दच नाही’ अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. प्रस्तुत लेखकाला ही तक्रार मान्य नाही. इंग्रजीने एका शब्दाखाली झाकून ठेवलेले अर्थभेद मराठीत उघडे पडतात, एवढेच येथे घडले आहे. ते भेद नीट ओळखले नाहीत, तर केवळ भाषांतर बिघडते असे नाही. दवाखान्यातील कागद चुकीचा वाचला जातो, कपाशीच्या बियाण्याची पुडी बांधावर फेकली जाते. म्हणून हा घटक भाषेच्या विद्यार्थ्यांसाठी असला तरी यातील बरीचशी उदाहरणे शेत, प्रयोगशाळा आणि सरकारी कागद यांतून घेतली आहेत.

५.२ शब्दाच्या मुळाशी

‘प्रवण’ हा संस्कृत शब्द. त्याचा मूळ अर्थ ‘उतरता, उताराचा’ असा आहे. त्यावरून ‘एखाद्या गोष्टीकडे झुकलेला’ हा अर्थ आला. मराठीतील ‘कल’ या शब्दानेही हाच प्रवास केला आहे. भिंतीला कल असतो आणि मुलाचा चित्रकलेकडे कल असतो. पहिला कल डोळ्यांना दिसतो, दुसरा वागण्यावरून ओळखावा लागतो. उतारावर पाणी ओतले तर ते कोणीकडे जाईल हे सांगावे लागत नाही. मात्र पाणी ओतलेच नाही, तर नुसता उतार वाहत नाही. ‘प्रवण’ या शब्दाचे सगळे सामर्थ्य या चित्रात आहे.

इंग्रजी शब्दाचे चित्र निराळे आहे. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘खालून आधार देऊन उचलून घेणे, स्वीकारणे’ असा होतो. तेथे घेणारा आहे. मराठी शब्दात उतार आहे. ‘ग्रहणशील’ हा पर्याय लॅटिन मुळाच्या अधिक जवळ जातो हे खरे. परंतु मराठीत ‘ग्रहणशील विद्यार्थी’ ही प्रशंसा आहे. एखाद्या माणसाला ‘क्षयरोग-ग्रहणशील’ म्हटले, तर तो क्षयरोगाचे पाठ मन लावून घेत आहे असे वाटू लागते! ‘बळी पडणारा’ या प्रयोगाला यज्ञातील बळीची सावली आहे. त्यात असहायता येते, किंचित कणवही येते. हे पर्याय म्हणूनच एकमेकांच्या जागी सरसकट बसत नाहीत.

व्याकरणाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘तो प्रवण आहे’ हे वाक्य अपुरे आहे. ऐकणारा लगेच ‘कशाला?’ असे विचारतो. म्हणून हा शब्द बहुधा समासाचे उत्तरपद म्हणून येतो : रोगप्रवण, अपघातप्रवण, पूरप्रवण, अवर्षणप्रवण. पूर्वपद काढून घेतले की उत्तरपद लटके पडते. शब्दाच्या घडणीतच एक संबंध गुंफलेला आहे.

५.३ बोलीतील क्रियापदे : बाधणे, मानवणे, लागणे

आता परिभाषा क्षणभर बाजूला ठेवून घरातल्या भाषेकडे वळू. बीड जिल्ह्यातील एखाद्या आजीला ‘प्रवणता’ हा शब्द ठाऊक नसेल, पण ती संकल्पना तिला पुरती ठाऊक असते. ‘ह्याला दही बाधतं.’ ‘तिला तिकडचं पाणी मानवलं नाही.’ ‘तुरीला मर लागली.’ या वाक्यांची रचना पाहा. ‘मला काकडी बाधली’, ‘मला आंबे बाधले’ – क्रियापद आंब्याप्रमाणे, काकडीप्रमाणे बदलते. ज्याला त्रास झाला तो माणूस मात्र ‘ला’ प्रत्यय लावून एका बाजूला उभा असतो. इंग्रजी वाक्य गुण माणसाच्या अंगी चिकटवते : अमुक माणूस ‘असा’ आहे. मराठी वाक्य दोघांत घडणारी घटना सांगते : दही आणि हा माणूस यांचे जमत नाही. दोष दह्यात नाही, कारण तेच दही भावाच्या अंगी लागते. दोष एकट्या माणसातही नाही, कारण त्याला ताक चालते.

आजी पुढे आणखी एक शब्द जोडते : ‘पावसाळ्यात’ बाधतं. म्हणजे कोणाला, कशाने आणि कोणत्या परिस्थितीत, हे तिन्ही प्रश्न एका साध्या वाक्यात सुटले. विज्ञानातील कोणतीही ‘प्रवणता’ वाचताना हेच तीन प्रश्न विचारावेत. पुढील विवेचनात आपण तेवढेच करणार आहोत.

५.४ चुंबक आणि उणे चिन्ह

भौतिकशास्त्रात या संज्ञेचा अर्थ सर्वांत काटेकोर आहे. पदार्थ चुंबकीय क्षेत्रात ठेवला असता त्यात जेवढे चुंबकन निर्माण होते, त्याला क्षेत्राच्या तीव्रतेने भागले की येणारी संख्या म्हणजे त्या पदार्थाची चुंबकीय प्रवणता. ती ‘काय’ या ग्रीक अक्षराने दाखवतात. येथे भीती नाही, कणव नाही. केवळ गुणोत्तर आहे. ॲल्युमिनियमची प्रवणता सुमारे ०.००००२, म्हणजे जवळजवळ नगण्य. लोखंडाची हजारोंच्या घरात जाऊ शकते. आपल्या जिल्ह्यातील काळा पाषाण हा दक्षिणेच्या पठारावरील बेसॉल्ट आहे आणि त्यात मॅग्नेटाइट या खनिजाचे कण असतात. लहानपणी ओढ्याच्या वाळूत चुंबक फिरवून त्याला चिकटलेली काळी मिशी ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी प्रवणतेतील फरक हाताने अनुभवला आहे : तेच चुंबक, तीच वाळू, काही कण धावून आले, काही जागचे हलले नाहीत.

तिसरा प्रश्न, परिस्थितीचा, येथेही आहे. प्येर क्युरी यांनी १८९५ मध्ये दाखवून दिले की अनुचुंबकीय पदार्थांची प्रवणता निरपेक्ष तापमान वाढेल तशी त्याच प्रमाणात घटते. म्हणजे तीही पदार्थाच्या कपाळी कायमची लिहिलेली नसते.

आणि मग एक गोष्ट येते जी भाषेच्या अभ्यासकाला थबकायला लावते. पाण्याची चुंबकीय प्रवणता सुमारे उणे ०.०००००९ आहे. उणे! पाणी, तांबे, सोने यांसारखे प्रतिचुंबकीय पदार्थ क्षेत्राच्या उलट दिशेने, अतिशय अल्प प्रमाणात, चुंबकित होतात. मायकेल फॅरडे यांनी १८४५ मध्ये या गुणधर्माचा अभ्यास केला. आता ‘उणे ग्रहणशीलता’ म्हणजे काय? न घेणे की परत देणे? ‘उणे बळी पडणे’ तर अर्थशून्यच होईल. उताराच्या चित्रात मात्र उणे चिन्हाला जागा आहे : उणा उतार म्हणजे चढ. भौतिकशास्त्रासाठी ‘प्रवणता’ हा पर्याय प्रस्तुत लेखकाला अधिक योग्य वाटतो तो याच कारणाने. विद्युत्-प्रवणतेची व्याख्याही याच धर्तीवर होते. तिचा विस्तार येथे नको.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : ‘लोखंड चुंबकाला बळी पडते’ हे वाक्य खटकते ते का? उत्तर चार ओळींत लिहा आणि मगच पुढे वाचा.

५.५ मुंबईचा प्लेग आणि ‘अजून न झालेले’ लोक

वैद्यकात शब्द येताच त्याला माणसे जोडली जातात. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढची कित्येक वर्षे तो परत परत येत राहिला. त्यांपैकी १९०५-०६ सालच्या साथीतील मृत्यूंचे आकडे दोन शास्त्रज्ञांनी पुढे एका गणिती सूत्राशी ताडून पाहिले. ते शास्त्रज्ञ म्हणजे कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक. त्यांचा निबंध १९२७ चा. यांतील मॅकेन्ड्रिक हे भारतीय वैद्यकीय सेवेत काम केलेले डॉक्टर होते. त्यांच्या मांडणीत लोकसंख्येचे तीन भाग पडतात : ज्यांना रोग अजून झालेला नाही पण होऊ शकतो ते, ज्यांना झाला आहे ते, आणि जे बरे होऊन अथवा मरण पावून साखळीतून बाहेर पडले ते. पहिला गट म्हणजे ‘प्रवण’.

येथे प्रवणता हे गुणोत्तर राहिले नाही. ती माणसांची मोजदाद झाली. माणूस एक तर या गटात असतो किंवा नसतो. अर्धामुर्धा प्रवण, उणा प्रवण असे येथे कोणी नाही. या गणिताचा एक निष्कर्ष मननीय आहे. साथ थांबते ती सगळे प्रवण लोक संपल्यामुळे नव्हे. त्यांची संख्या एका उंबरठ्याखाली गेली की एका रुग्णामागे एक नवा रुग्णही तयार होत नाही आणि साथ ओसरते. तेव्हाही पुष्कळ प्रवण माणसे सुखरूप उरलेली असतात. लसीकरणाचा हेतू ही संख्या रोगाच्या आधी आपण कमी करावी, असा असतो. हाफकिन यांनी प्लेगवरील लस मुंबईतच, १८९७ च्या आरंभी तयार केली.

परंतु ‘कोणाला?’ हा पहिला प्रश्न इथे जरा नीट विचारला पाहिजे. गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांचा रोग. पिसवांमार्फत तो माणसाकडे येतो. माणसांतील प्लेग ही उंदरांतील प्लेगची छाया आहे, याची जाणीव त्या दोघांनाही होती. आकडे मुंबईकरांच्या मृत्यूंचे, आणि वळण ठरत होते बरेचसे उंदरांच्या प्रवणतेवर. समासाचे पूर्वपद बरोबर असूनही विशेष्य चुकू शकते, त्याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागेल.

समूहाची प्रवणता व्यक्तीला लावताना आणखी मोठी गफलत होते. ‘प्रवण’ म्हणजे ‘होऊ शकेल’, ‘होणारच’ नव्हे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारी घेऊन गेलेल्या अनेक स्त्रियांनी सांगितले की, पिशवी ठेवली तर कर्करोग होईल अशी भीती त्यांना दाखवण्यात आली. या प्रश्नाला मजुरीची उचल, खाडा, फडावरील पाण्याची आणि आडोशाची वानवा अशी अनेक अंगे आहेत आणि ती भाषेच्या घटकात मावणारी नाहीत. भाषेपुरते इतकेच नोंदवू : ‘होऊ शकतो’ आणि ‘होईल’ या दोन क्रियारूपांत जे अंतर आहे, ते रुग्णाला समजेल अशा शब्दांत सांगणे हा उपचाराचाच भाग आहे.

५.६ प्रयोगशाळेचा अहवाल

लघवी किंवा पू तपासायला दिला की दोन-तीन दिवसांनी ‘कल्चर’चा अहवाल येतो. काचेच्या अथवा प्लॅस्टिकच्या थाळीत जंतू वाढवतात, त्यावर निरनिराळ्या प्रतिजैविकांच्या छोट्या चकत्या ठेवतात. सुमारे अठरा तासांनी पाहिले असता काही चकत्यांभोवती जंतूविरहित स्वच्छ वर्तुळ दिसते. त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून औषधाच्या नावापुढे ‘एस’, ‘आय’ किंवा ‘आर’ असे अक्षर लिहितात. बोलताना याला सर्रास ‘सेन्सिटिव्हिटी’ म्हणतात.

आता सामान्य वाचकाचा गोंधळ कसा होतो ते पाहा. ‘सेन्सिटिव्ह’ या शब्दाचा घरगुती अर्थ ‘मला हे औषध सोसत नाही’ असा आहे. उलट ‘रेझिस्टन्स’ म्हणजे प्रतिकार. आणि प्रतिकारशक्ती चांगली असते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे ‘आर’ लिहिलेले औषध उत्तम आणि ‘एस’ लिहिलेले धोक्याचे, असा नेमका उलटा अर्थ लावला जाऊ शकतो. येथे विशेष्य रुग्ण नसून जंतू आहे, ही एकच गोष्ट लक्षात आली की सर्व उलगडते. जंतू औषधाला बळी पडतो, म्हणजे रुग्णाचे भले होते. माझ्या मते या ठिकाणी ‘बळी पडणारा’ हाच पर्याय सर्वांत सुबोध आहे. ‘या औषधाला जंतू बळी पडतो’ हे वाक्य कोणालाही कळेल. ‘जंतुसंवेदनशीलता आढळली’ हे वाक्य कोणाला कळेल याविषयी मला शंका आहे.

अक्षर तेच राहून अर्थ बदलल्याचे उदाहरणही याच अहवालात सापडते. ‘आय’ म्हणजे ‘मधला’ असे पूर्वी समजले जाई. युरोपातील प्रमाण ठरवणाऱ्या समितीने २०१९ पासून त्याची व्याख्या ‘औषधाची मात्रा वाढवल्यास जंतू बळी पडतो’ या आशयाची केली. डॉक्टरांना एक अक्षर नव्याने शिकावे लागले.

५.७ बोंडअळी : प्रवणता ही ठेव

गेवराई, माजलगाव, वडवणी या भागांत कपाशी हे घरोघरचे पीक. ‘ही जात रसशोषक किडीला बळी पडते’ असे कृषी साहाय्यक सांगतात तेव्हा प्रवणता पिकाची असते आणि ती उणीव मानली जाते. बीटी कपाशीत मात्र विचार उलटा करावा लागतो. २००२ मध्ये देशात परवानगी मिळालेल्या या कपाशीत एका जिवाणूचे जनुक घातले आहे. त्यामुळे झाडात तयार होणारे प्रथिन अळीच्या आतड्यातील विशिष्ट जागी जाऊन बसते आणि अळी मरते. माणसाच्या किंवा गुराच्या आतड्यात ती जागा नाही. म्हणून तेच प्रथिन त्यांना बाधत नाही. आजीच्या वाक्यातील ‘ला’ प्रत्यय येथे रेणूंच्या पातळीवर उतरला आहे.

अळ्यांमध्ये क्वचित एखादी अशी असते जिला हे प्रथिन लागू पडत नाही. सगळ्या शिवारात बीटीच पेरली, तर फक्त अशाच अळ्या जगतात, त्यांचे पतंग एकमेकांशी जुळतात आणि पुढची पिढी तशीच निपजते. यावर योजलेला उपाय म्हणजे आश्रय-ओळी. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साध्या कपाशीची पुडी दिली जात असे. ती शेताच्या कडेने लावायची. तिच्यावर बळी पडणाऱ्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग त्या मोजक्या न मरणाऱ्या पतंगांशी जुळतात आणि त्यांची प्रजा बहुतांशी पुन्हा बळी पडणारी निघते. म्हणजे काही ओळी अळीला खाऊ घालून आपण अळीची प्रवणता राखून ठेवतो. ती एका शेतकऱ्याची नव्हे, साऱ्या शिवाराची ठेव आहे. एकाने मोडली तर तोटा सर्वांचा होतो. एकट्याने सांभाळली तरी तिचा लाभ बांधावर थांबत नाही.

‘अळीसाठी कपाशी लावा’ हे कोणाला पटेल? ती पुडी बहुतेक ठिकाणी लावलीच गेली नाही. लहान रानात ओळी सोडणे परवडत नाही, हे कारण होतेच. पण पुडी कशासाठी आहे ते सांगणारे सरळ मराठी वाक्यही कितीजणांपर्यंत पोहोचले, हा प्रश्न भाषेच्या माणसाने विचारायलाच हवा. शिवाय फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभी ठेवलेली कपाशी, अळीला वर्षभर खाद्य पुरवत राहिली. पहिल्या जनुकाला गुलाबी बोंडअळी दाद देत नसल्याचे २०१० मध्ये गुजरातमधून जाहीर झाले. २००६ पासून आलेली दोन जनुकांची कपाशीही पुढे तिला रोखू शकली नाही. २०१७ च्या हंगामात मराठवाडा-विदर्भात बोंडे फोडून पाहणाऱ्यांच्या हाती किडकी सरकी आली. शास्त्राच्या भाषेत याला ‘प्रतिकारक्षमता आली’ असे म्हणतात. ‘अळी आता बळी पडेनाशी झाली’ असे म्हटले, तर काय गमावले तेही कळते.

५.८ अवर्षणप्रवण

शेवटी ज्या विशेषणाने आपला जिल्हा कागदोपत्री ओळखला जातो, त्याकडे येऊ. १९७२ च्या दुष्काळानंतर, १९७३ मध्ये, राज्यातील टंचाईग्रस्त भाग निश्चित करण्यासाठी सुखटणकर समितीने काम केले. केंद्राचा अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमही त्याच सुमारास सुरू झाला. तेव्हापासून हा समास शासकीय मराठीत रुळला.

समास नीट घडलेला आहे. ‘अवर्षण’ म्हणजे पाऊस न पडणे. ‘दुष्काळ’ म्हणजे अन्न, चारा, पाणी आणि काम यांची तूट. आष्टी-पाटोद्याचा भाग पर्जन्यछायेत आहे, तेथे पावसाने दगा देणे हा हवामानाचा कल आहे. पण पाऊस न पडण्यापासून माणसे कोयता घेऊन घराबाहेर पडेपर्यंत मधे पुष्कळ पायऱ्या आहेत : जमिनीची खोली, तलाव, पिकाची निवड, उधारी, रोजगार. म्हणून ‘दुष्काळप्रवण’ हा शब्द ‘अवर्षणप्रवण’च्या जागी सैलपणे वापरला जातो तेव्हा माझी हरकत असते. पहिल्याने आभाळाचा कल सांगितला जातो. दुसऱ्याने माणसांनी केलेल्या वा न केलेल्या गोष्टी आभाळाच्या खाती जमा होतात. तसेच ‘जिल्हा’ हे विशेष्यही फार मोठे आहे. गोदाकाठचे गेवराई आणि बालाघाटावरील पाटोदा यांची प्रवणता एक नव्हे.

भूशास्त्राने या बाबतीत शिस्त पाळली आहे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले, त्यानंतर ‘दरडप्रवण’ हा शब्द वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचला. भूशास्त्रात दरडप्रवणतेचा नकाशा ‘कोठे’ एवढेच सांगतो : उतार किती, माती कशी, पाणी कसे मुरते. ‘केव्हा आणि केवढी’ हे सांगणे वेगळे. त्याला धोका म्हणतात. ‘कोणाचे किती नुकसान’ हे आणखी वेगळे, ती जोखीम. डोंगरावर घर नसेल तर प्रवणता असूनही जोखीम नाही. बातमीत हे तिन्ही शब्द एकाच परिच्छेदात एकमेकांऐवजी येतात. आपण लिहिताना ते वेगळे ठेवावेत. येथे ‘प्रवण’ शब्द आपल्या मूळ अर्थाला, खऱ्याखुऱ्या उताराला, परत येऊन मिळाला आहे, हे आपल्या लक्षात आलेच असेल.

५.९ स्वाध्याय

१. आपल्या घरातील अथवा गावातील वडीलधाऱ्यांकडून बाधणे, मानवणे, सोसणे, लागणे, अंगी लागणे, धरणे या क्रियापदांची प्रत्येकी दोन वाक्ये मिळवा. वाक्यात कर्ता कोण आणि ‘ला’ प्रत्यय कोणाला, ते खुणेने दाखवा.

२. ‘अपघातप्रवण क्षेत्र’ या फलकातील प्रवणता कोणाची : रस्त्याची, वाहनाची की चालकाची? दीडशे शब्दांत चर्चा करा.

३. प्रतिजैविकांचा अहवाल हाती घेतलेल्या, सातवीपर्यंत शिकलेल्या रुग्णासाठी ‘एस’, ‘आय’, ‘आर’ या अक्षरांचा अर्थ सांगणारी तीन वाक्ये लिहा. ‘संवेदनशीलता’ आणि ‘प्रतिकार’ हे शब्द वापरू नका.

४. बियाण्याच्या पाकिटातील साध्या कपाशीच्या पुडीवर छापण्यासाठी पंचवीस शब्दांपेक्षा मोठा नसेल असा मजकूर तयार करा आणि तो एखाद्या कपाशी उत्पादकाला वाचून दाखवा. त्याने जो पहिला प्रश्न विचारला तो उत्तरपत्रिकेत जसाच्या तसा, त्याच्याच बोलीत लिहा.